एडिसनला स्वस्त इलेक्ट्रिक कार बनवायची होती, पण एकटी बॅटरीच फोर्डच्या अख्ख्या गाडीपेक्षा महाग पडली

पेट्रोलचा भाव वाढला की पहिले दोन दिवस मीम्स येतात. तिसऱ्या दिवशी पंपावर बोलाचाली सुरू होते आणि आठवड्याभरात घराघरात एकच विषय निघतो, आता इलेक्ट्रिकच घेऊन टाकावी का? मग रविवारी शोरूमला चक्कर होते, किंमत कळते आणि माणूस गपगुमान आहे त्याच गाडीत पेट्रोल भरून घरी येतो. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हाही हेच झालं होतं.

पण हा सगळा खेळ एकदा आधीही होऊन गेलाय. तोही ११० वर्षांपूर्वी, अमेरिकेत. तेव्हाही पेट्रोल महाग होत होतं, तेव्हाही सामान्य माणसाला परवडेल अशी इलेक्ट्रिक गाडी येणार म्हणून पेपरात बातम्या छापून आल्या होत्या. आणि ती गाडी आणायला निघालेला माणूस कुणी ऐरागैरा नव्हता. शाळेच्या पुस्तकात ज्याचा फोटो बल्बशेजारी छापलेला असतो तोच, थॉमस अल्वा एडिसन.

एडिसन म्हटलं की बल्ब, फोनोग्राफ आणि सिनेमाचा कॅमेरा आठवतो. पण आयुष्याची ऐन दहा वर्षं आणि खिशातला बक्कळ पैसा त्यानं ज्या एका गोष्टीत घातला, ती गोष्ट म्हणजे गाडीची बॅटरी. त्याच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंट आहेत. त्यातली १४१ एकट्या बॅटरीची आहेत.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा. गाव ओहायो राज्यातलं मिलान. पुढं कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला गेलं. शाळा फार झाली नाही, आईनंच घरी शिकवलं. बाराव्या वर्षी पोरगं पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉईट धावणाऱ्या रेल्वेत पेपर आणि गोळ्या-बिस्किटं विकायला लागलं. मिळालेल्या पैशातून रसायनं आणायची आणि सामानाच्या डब्यात प्रयोग करायचे हा उद्योग. लहानपणीच ऐकू येणं कमी झालं आणि ते आयुष्यभर तसंच राहिलं.

पुढं तो तारमास्तर झाला. तेव्हाची तार बॅटरीवर चालायची, म्हणजे बॅटरीशी त्याची ओळख पोटापाण्याच्या धंद्यातूनच झाली. १८६७ मध्ये लुईव्हिलच्या तार ऑफिसात रात्रपाळीला असताना त्याचं काम कमी आणि प्रयोग जास्त चालायचे. एका रात्री शिसं-ॲसिडच्या बॅटरीशी खटपट करताना गंधकाम्ल जमिनीवर सांडलं, फळ्यांच्या फटीतून झिरपलं आणि खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर टपकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरी गेली.

शिशाच्या बॅटरीशी त्याचं पुढं जे वाकडं झालं, त्याची सुरुवात इथूनच झाली असं गमतीनं म्हणता येईल.

मधली तीस वर्षं सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळं थोडक्यात. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये बल्ब आणि ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घरं-ऑफिसांना वीजपुरवठा सुरू. एडिसनची वीज डीसी होती, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. ती लांब नेता यायची नाही. जॉर्ज वेस्टिंगहाऊसनं एसी वीज आणली आणि बाजार मारला. १८९२ मध्ये एडिसनची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली आणि पाटीवरून एडिसनचं नावही गेलं. त्यानंतर त्यानं न्यू जर्सीत लोखंडाची हलकी खनिजं चुंबकानं वेगळी करायचा कारखाना काढला. तोपर्यंत दुसरीकडं चांगल्या प्रतीचं स्वस्त लोखंड सापडलं आणि लाखो डॉलर्स मातीत गेले.

एडिसन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. एवढा फटका बसल्यावर दुसरा कुणी नावावर आणि पेन्शनवर जगला असता. यानं नवीन धंदा काढला, गाडीच्या बॅटरीचा.

आता हे समजून घ्यायला त्या वेळचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा लागेल. १९०० साली अमेरिकेत जवळपास ४,२०० मोटारगाड्या तयार झाल्या. त्यातल्या साधारण १,७०० वाफेवर चालणाऱ्या, जवळजवळ १,६०० विजेवर चालणाऱ्या आणि पेट्रोलवरच्या हजारसुद्धा नव्हत्या. म्हणजे इलेक्ट्रिक कार ही नवीन कल्पना नाही. पेट्रोलची गाडीच तेव्हा तिसऱ्या नंबरवर होती.

त्याला कारणंही होती. पेट्रोलची गाडी सुरू करायला समोरून हँडल मारावं लागायचं. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला ज्यानं हँडल मारलंय त्याला हे सांगायला नको. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. शिवाय धूर, वास, कानठळ्या बसवणारा आवाज आणि गिअर बदलायची कसरत. इलेक्ट्रिक गाडी मात्र बसलं की निघाली. त्यामुळं शहरातले डॉक्टर, श्रीमंत घरच्या बायका आणि दुकानांच्या मालवाहू गाड्या विजेकडं वळल्या होत्या.

आणि पेट्रोल? इथं एक भारी गंमत आहे. त्या आधीची चाळीस वर्षं तेल कंपन्यांचा खरा माल होता रॉकेल, दिवे पेटवायला लागणारं. खनिज तेल गाळताना जे पेट्रोल निघायचं त्याला गिऱ्हाईक नव्हतं, कितीतरी ठिकाणी ते नदीत सोडून दिलं जायचं. एडिसनच्या बल्बनं हळूहळू रॉकेलच्या दिव्याची गरज संपवायला घेतली. तेल कंपन्यांना नवीन गिऱ्हाईक हवंच होतं आणि ते मोटारीच्या रूपानं सापडलं. त्यात १० जानेवारी १९०१ ला टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला तेलाचा असा फवारा उडाला की काही काळ तिथं एक पिंप तेल तीन सेंटला मिळायला लागलं.

थोडक्यात, ज्या इंधनाशी एडिसनला टक्कर द्यायची होती, त्याला मोटारीकडं ढकलण्यात त्याच्याच बल्बचा थोडाफार हात होता.

एडिसनचं गणित मात्र साधं होतं. वीजघरं दिवसभर रिकामी असायची, कारण दिवे संध्याकाळी लागतात. आणि मध्यरात्रीनंतर दिवे मालवले की यंत्रं परत रिकामी. लोकांनी रात्री गाड्या चार्ज केल्या तर वीज कंपन्यांना गिऱ्हाईक मिळेल आणि लोकांना स्वस्तात फिरता येईल. आज वीज कंपन्या रात्रीच्या चार्जिंगला सवलतीचा दर देतात, त्यामागंही हेच गणित आहे.

अडचण एकच होती, बॅटरी.

तेव्हाच्या गाड्यांत शिसं आणि ॲसिडची बॅटरी असायची. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरखाली जी असते आणि जिच्यात अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर ओतावं लागतं, तिचीच ही आजी. वजन प्रचंड. खड्ड्यात आपटली की आतल्या पट्ट्यांचा भुगा व्हायचा. अर्धवट चार्ज ठेवली की खराब. दोन-तीन वर्षांत बदलायला लागायची, आणि बदलायचा खर्च ऐकून मालकाचं डोकं फिरायचं.

एडिसननं ठरवलं की शिसंही नको आणि ॲसिडही नको. ॲसिड जो डबा हाती लागेल तो खातं, त्यामुळं बॅटरी टिकणार कशी, असा त्याचा विचार. म्हणून त्यानं उलट बाजूचं रसायन घेतलं, पोटॅशियम हायड्रॉक्साईडसारखा क्षार. या क्षारात कोणते दोन धातू ठेवले तर वीज साठेल आणि परत मिळेल, याचा शोध १८९९ च्या सुमाराला सुरू झाला. त्याच वेळी स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधक याच वाटेनं चालला होता, हेही सांगायला हवं. पेटंटवरून दोघांची भांडणंसुद्धा झाली.

इथं एक व्हॉट्सॲपवाला गैरसमज दूर करून टाकू. बल्ब बनवताना एडिसन हजारो वेळा हरला आणि तरी म्हणाला की काय चालत नाही हे तर कळलं, ही गोष्ट दर दहावी-बारावीच्या निकालाला फिरते. ती गोष्ट बल्बची नाही, बॅटरीची आहे. एडिसन हयात असतानाच १९१० मध्ये निघालेल्या त्याच्या चरित्रात ती आहे. वॉल्टर मॅलरी या त्याच्या सहकाऱ्यानं ती सांगितलेली. नऊ हजारांवर प्रयोग होऊनही हाती काही लागलं नव्हतं, तेव्हाचा हा प्रसंग. पुढं ऐकणाऱ्यांनी बॅटरी काढून तिथं बल्ब बसवला, कारण बॅटरीपेक्षा बल्बची गोष्ट सांगायला सोपी.

शेवटी निकेल आणि लोखंड ही जोडी जमली. निकेल मिळवायला एडिसन स्वतः १९०१ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या भागात गेला. फाल्कनब्रिज इथं खड्डा खणायला घेतला, पण खाली पाण्यानं भरलेली भुसभुशीत वाळू लागली. खणलेलं ढासळायला लागलं आणि त्यानं नाद सोडला. पुढं त्याच जागी निकेलचा मोठा साठा निघाला आणि फाल्कनब्रिज हे निकेलच्या धंद्यातलं बडं नाव झालं. एडिसन त्या साठ्याच्या डोक्यावर उभा राहून परत आला होता.

१९०१ मध्येच कंपनी निघाली आणि लवकरच बॅटऱ्या बाजारात आल्या. पेपरांनी आधीच एवढी हवा केली होती की गिऱ्हाईक वाटच बघत होतं. एडिसनही बोलण्यात मागं हटणारा नव्हता. बॅटरी तयार व्हायच्या आधीच घोड्याचे दिवस संपले असं सांगत सुटायची त्याला सवय होती.

आणि मग तक्रारी यायला लागल्या. डब्यांचे सांधे गळत होते. काही महिन्यांत बॅटरीचा दम कमी होत होता.

इथं एडिसननं जे केलं ते धंदेवाल्यांमध्ये क्वचित बघायला मिळतं. १९०४ च्या अखेरीस त्यानं कारखाना बंद ठेवला, खराब बॅटऱ्या परत विकत घेतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागला. बरेचसे ग्राहक आहे तीच बॅटरी चालवायला तयार होते, कारण शिशाच्या बॅटरीपेक्षा ती बरीच होती. पण याला ते पटलं नाही.

पुढची जवळपास पाच वर्षं त्यात गेली. बॅटऱ्या वरच्या मजल्यावरून खाली फेकून बघितल्या. गाडीत बसवून खडबडीत रस्त्यांवर आपटत नेल्या. निकेलचे कागदापेक्षाही पातळ पापुद्रे करून भोकं पाडलेल्या पोलादी नळ्यांत थरावर थर भरले, म्हणजे वीज आत-बाहेर नीट खेळेल. क्षारात थोडं लिथियम हायड्रॉक्साईड टाकलं तर बॅटरी जास्त चालते असंही लक्षात आलं. आजच्या लिथियम बॅटरीशी याचा थेट संबंध नाही, काम वेगळं आहे, पण गाडीच्या बॅटरीत लिथियम तेव्हाही होतं एवढं खरं.

१९०९ मध्ये नवीन बॅटरी आली आणि ती खरोखर दणकट होती. पूर्ण रिकामी करा, महिनोन्‌महिने तशीच ठेवा, जास्त चार्ज करा, काही होत नव्हतं. १९१० मध्ये डेट्रॉईट इलेक्ट्रिक कंपनीच्या गाडीनं ही बॅटरी लावून एका चार्जमध्ये २११ मैल, म्हणजे जवळजवळ ३४० किलोमीटर अंतर कापलं. चाचणीतला आकडा आहे, रोजच्या वापरात गाडी साधारण ८० मैल जायची. तरीही १९१० साली ३४० किलोमीटर.

मग माशी कुठं शिंकली?

याचं उत्तर एडिसनच्याच एका जुन्या नोकरानं दिलं. हेन्री फोर्ड. हा गडी डेट्रॉईटमध्ये एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत मुख्य इंजिनियर होता, म्हणजे पगार विजेच्या कंपनीचा आणि घरामागच्या शेडमध्ये पेट्रोलची गाडी बनवायची खटपट. ऑगस्ट १८९६ मध्ये न्यूयॉर्कजवळ कंपनीच्या लोकांचं जेवण होतं. तिथं फोर्डची एडिसनशी गाठ पडली. फोर्डनं आपलं पेट्रोल इंजिन टेबलावर रेघोट्या ओढून समजावलं. एडिसननं कान जवळ नेऊन ऐकलं आणि या पोराला तू बरोबर रस्त्यावर आहेस, सोडू नकोस असा धीर दिला. विजेच्या बादशहानं पेट्रोलच्या गाडीला दिलेला हा आशीर्वाद फोर्ड जन्मभर विसरला नाही.

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. तेव्हा पाच जणांच्या गाडीची किंमत होती ८५० डॉलर्स. ऑक्टोबर १९१२ मध्ये ती ६०० झाली, वर्षभरात ५५० आणि ऑगस्ट १९१४ मध्ये ४९०. दर वर्षी गाडी चांगली होत होती आणि स्वस्त होत होती. १९१३ मध्ये फोर्डनं हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू केली. म्हणजे कामगार जागेवर उभा आणि गाडी त्याच्यासमोरून पुढं सरकत जाणार.

आणि इलेक्ट्रिक? १९१२ च्या सुमाराला साध्या इलेक्ट्रिक गाडीला १,७५० डॉलर्स पडायचे. डेट्रॉईट इलेक्ट्रिकच्या गाडीला एडिसनची बॅटरी हवी असेल तर वर ६०० डॉलर्स जास्तीचे.

हे आकडे परत एकदा वाचा. एडिसनची नुसती बॅटरी घ्यायला जेवढे पैसे लागत होते, तेवढ्यात फोर्डची अख्खी गाडी दारात येत होती. चाकं, इंजिन, छप्पर सगळं धरून.

बॅटरी महाग का? निकेल महाग, ते पापुद्रे आणि नळ्या बनवायचं काम किचकट. शिवाय शिशाच्या बॅटरीचा एक कप्पा साधारण २ व्होल्ट देतो, एडिसनचा १.२ व्होल्ट. म्हणजे तेवढ्याच कामाला कप्पे जास्त. बॅटरी पंधरा-वीस वर्षं टिकते हे खरं, पण वीस वर्षांचे पैसे आजच मोजायचे म्हटल्यावर सामान्य माणूस हात आखडतोच. नंतर वाचणारा पैसा आणि आत्ता खिशातून जाणारा पैसा यांचं वजन घराघरात वेगळं असतं.

दुसरी अडचण चार्जिंगची. अमेरिकेत तेव्हा बहुतेक घरांत वीजच नव्हती आणि खेड्यात तर नावालाही नव्हती. ज्या घरांत होती तिथं बऱ्याच ठिकाणी एसी आलेली. बॅटरीला लागते डीसी. म्हणजे एसीची डीसी करणारं पाऱ्याच्या दिव्यासारखं वेगळं यंत्र घरी बसवायचं, त्याचा खर्च आणखी. एडिसनची डीसी हरली नसती तर गाडी सरळ घरच्या विजेवर लावता आली असती. पण ती लढाई तो वीस वर्षांपूर्वीच हरला होता.

तरीही १९१२-१३ मध्ये एक संधी चालून आली. गाड्या एवढ्या वाढल्या की पेट्रोल पुरेना. भाव चढायला लागले. अमेरिकेत कुरकुर सुरू झाली, युरोपात तर आरडाओरड. मोटारवाल्यांच्या संघटना पेट्रोलला पर्याय शोधायला लागल्या. स्वस्त इलेक्ट्रिक गाडी आणायला यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता.

आणि नेमकं तेव्हाच फोर्ड आणि एडिसन एकत्र आले. १९१२ मध्ये फोर्डनं एडिसनच्या बॅटरीच्या कामाला कर्जाऊ पैसा द्यायचं ठरवलं. सुरुवातीचा बेत मॉडेल टीला बॅटरीवरचा स्टार्टर लावायचा होता, पण गोष्ट इलेक्ट्रिक गाडीपर्यंत गेली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनं कामगारांना दिवसाला पाच डॉलर्स मजुरी जाहीर करून जगाला धक्का दिला आणि त्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या पेपरात दुसरी बातमी आली. फोर्ड आणि एडिसन मिळून स्वस्त इलेक्ट्रिक गाडी काढणार, वर्षभरात ती बाजारात येणार. पुढं ५०० ते ७५० डॉलर्स किंमत आणि एका चार्जमध्ये ५० ते १०० मैल, अशी चर्चा रंगली.

सगळ्या देशाचं लक्ष लागलं. एकीकडं देशातला सगळ्यात नावाजलेला संशोधक, दुसरीकडं गाडी स्वस्त करण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही असा कारखानदार. ही जोडी करणार नाही तर कोण करणार?

१९१३ आणि १९१४ मध्ये नमुन्याच्या गाड्या तयारही झाल्या. सीटखाली बॅटऱ्या रचलेल्या साध्या सांगाड्याच्या एका गाडीचे फोटो आजही बघायला मिळतात. पण कामात एक अट होती. बॅटरी एडिसनचीच वापरायची, असा फोर्डचा हट्ट. गुरूवरची श्रद्धा म्हणा हवं तर.

इंजिनियर लोकांची पंचाईत झाली. एडिसनची बॅटरी दणकट खरी, पण तिच्यातून एकदम जोरात वीज ओढायला गेलं की ती ढेपाळायची. चढ आला, गाडी जड झाली की दम संपला. थंडीत तर आणखी वाईट, आणि डेट्रॉईटला हाडं गोठवणारा हिवाळा असतो. हलक्या, स्वस्त गाडीला लागेल एवढी ताकद तिच्यातून निघेना. शेवटी कुणीतरी गुपचूप नमुन्याच्या गाडीत शिशाच्या जड बॅटऱ्या बसवल्या. फोर्डला ते कळलं तेव्हा तो भडकला. तारखा पुढं जात राहिल्या. आधी १९१५ म्हणाले, मग १९१६, मग कुणी काही म्हणेनासं झालं.

एवढ्यात ९ डिसेंबर १९१४ च्या संध्याकाळी एडिसनच्या वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला आग लागली. सिनेमाच्या फिल्मचा साठा पेटला आणि एकामागून एक इमारती जळत गेल्या. एडिसन तेव्हा ६७ वर्षांचा होता. फोर्ड कर्ज घेऊन मदतीला धावला आणि थोड्याच दिवसांत काम परत सुरू झालं. ही आग मुद्दाम लावली, इलेक्ट्रिक गाडी तेल कंपन्यांनी मारली, असे व्हिडिओ आजही फिरतात. आगीमागं तेल कंपन्या होत्या याला कसलाही पुरावा नाही आणि तशी गरजही नव्हती. गाडी कागदावरच अडली होती आणि अडवणारी गोष्ट कारखान्यातच होती.

तेल कंपन्यांनी जे केलं ते वेगळंच आणि जास्त परिणामकारक होतं. स्टँडर्ड ऑईल ऑफ इंडियाना या कंपनीतल्या विल्यम बर्टन यानं जड तेल दाबाखाली तापवून त्याचं पेट्रोल करायची पद्धत काढली. जानेवारी १९१३ मध्ये पेटंट मिळालं. तेवढ्याच खनिज तेलातून जवळपास दुप्पट पेट्रोल निघायला लागलं. पेट्रोलच्या तुटवड्यावर तेलवाल्यांनी रसायनशास्त्रानं उत्तर शोधलं, आणि एडिसनच्या आधी शोधलं.

आणि घाव घातला तो बॅटरीनंच. चार्ल्स केटरिंग यानं बनवलेला बटणावर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला. आत होती शिशाची छोटी बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर. हँडल मारायची कटकट हेच इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मोठं कारण होतं, तेच गेलं. मॉडेल टीला कारखान्यातून स्टार्टर मिळायला १९१९ उजाडलं, तोही एडिसनच्या बॅटरीवरचा नव्हता. जिच्याशी त्याचं वाकडं होतं ती शिशाची बॅटरी प्रत्येक पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली जाऊन बसली. आजही तिथंच आहे.

एडिसनची बॅटरी वाया गेली असं मात्र नाही. खाणीतल्या कामगारांच्या डोक्यावरचे दिवे, खाणीतली छोटी इंजिनं, रेल्वेचे सिग्नल, डब्यांतली दिवाबत्ती, मालवाहू गाड्या, सगळीकडं ती चालली आणि तिच्यावर त्यानं भरपूर पैसाही कमावला. जिथं किमतीपेक्षा टिकाऊपणा महत्त्वाचा तिथं तिला तोड नव्हती. पाणबुडीतही ती बसवून बघितली. जानेवारी १९१६ मध्ये ब्रुकलिनच्या गोदीत ई-२ या पाणबुडीत बॅटरीतून निघालेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला, पाच माणसं गेली आणि तो विषय तिथंच संपला. बॅटरीचा वायू बाहेर काढायची सोय हवी होती की बॅटरीच वाईट, यावर बराच वाद झाला. पण नाव खराब व्हायचं ते झालं.

फोर्ड आणि एडिसनची दोस्ती मात्र तुटली नाही. १९१६ मध्ये फोर्डनं फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला एडिसनच्या घराशेजारचं घर घेतलं. त्या घराचं नाव ‘मँगोज’, आवारात आंब्याची झाडं. टायरवाला हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज यांना घेऊन दोघं दरवर्षी तंबू ठोकायला रानावनात जायचे. जायचे पेट्रोलच्याच गाड्यांतून. रानात चार्जिंग कुठं मिळणार?

म्हातारपणी एडिसनला रबरानं पछाडलं. टायरला लागणारं रबर सगळं बाहेरून येतं, युद्ध झालं तर अमेरिकेचं काय, म्हणून १९२७ मध्ये फोर्ड आणि फायरस्टोनच्या पैशातून त्यानं फोर्ट मायर्सला संशोधन सुरू केलं. हजारो वनस्पती तपासल्या आणि गोल्डनरॉड नावाच्या रानफुलाच्या झाडातून रबर काढून दाखवलं. तेही परवडणारं नव्हतं. १८ ऑक्टोबर १९३१ ला वेस्ट ऑरेंजच्या घरी तो गेला, वय ८४.

त्याची निकेल-लोखंडाची बॅटरी त्याच्यामागं चाळीस वर्षांहून जास्त चालली. अमेरिकेतल्या कंपनीनं १९७५ मध्ये ती बनवणं बंद केलं. गाडीची बॅटरी स्वस्त व्हायला मात्र त्यानंतरही वाट बघावी लागली. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती कॅमेऱ्यासाठी. मग मोबाईल, लॅपटॉप असं करत ती कोट्यवधींनी बनायला लागली आणि २०१० नंतरच्या काळात तिचा भाव जवळपास ९० टक्क्यांनी उतरला. लिथियम त्यातही आहे आणि काही प्रकारांत निकेलही. फोर्डनं मॉडेल टीचं जे केलं, ते बॅटरीचं व्हायला शंभर वर्षं गेली.

डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आज एक बूच लावलेली काचेची नळी ठेवलीय. एडिसनचा शेवटचा श्वास त्यात आहे असं सांगतात. तो गेला तेव्हा खोलीतल्या अशा नळ्या बंद करून घेतल्या होत्या आणि त्यातली एक फोर्डकडं पोचली. त्याच म्युझियममध्ये १९१४ सालची एक डेट्रॉईट इलेक्ट्रिक गाडीही आहे. फोर्ड-एडिसनच्या इलेक्ट्रिक गाडीची बातमी ज्या वर्षी पेपरात आली त्याच वर्षीची. ती चालवायची फोर्डची बायको, क्लारा. नवऱ्याच्या कारखान्यातून दिवसाला शेकड्यांनी पेट्रोलच्या गाड्या बाहेर पडत होत्या, तेव्हा बाई पुढं कितीतरी वर्षं विजेच्या गाडीतून फिरत होत्या.